शिसं की मँगनीज?

आमच्या स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूत काय किती टक्के आहे ते उजेडावरून सांगणाऱ्या मशीनच्या, प्रिंटवर लेडचा, म्हणजे शिशाचा, आकडा अगदी शेवटी येतो, टिन, अँटिमनी, बिस्मथच्या रांगेत, आणि त्या रांगेकडं फाउंड्रीत कुणीही ढुंकून बघत नाही. मेल्टिंगवाल्यांना पाहिजे असतं कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, एसजी आयर्नची, म्हणजे गोल ग्राफाइटच्या कास्ट आयर्नची, हीट (भट्टीचा एक घाणा) असली तर मॅग्नेशियम, बास. खालचं सगळं छापून येतं म्हणून येतं. त्यात आमच्या मशीनवर लेडबद्दल एक जुनी समजूत, की हा आकडा खरा नसतोच, ते मँगनीजचं भूत आहे. मी जॉइन झाले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला हे सांगितलं होतं आणि सांगणाऱ्यालाही आधीच्या कुणीतरी सांगितलेलं. गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं, आणि त्या उरलेल्या अर्ध्यानं एक दिवस आमचा घाम काढला.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्पेक्ट्रो लॅब बघते. शिक्षण बीएस्सी फिजिक्स. घरी अजून सगळ्यांना वाटतं की मी कॉम्प्युटरवर काहीतरी करते. काम असं असतं, भट्टीतून चमचाभर रस काढून तांब्याच्या साच्यात ओततात, तो पटकन थंड होऊन पांढरी कडक चकती होते, ती ग्राइंड करायची, स्टँडवर ठेवायची, आर्गॉन सोडायचा आणि स्पार्क मारायचा. ठिणगीत धातूचे अणू तापून उजेड टाकतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या उजेडाच्या रेषा ठरलेल्या असतात, तो उजेड बारीक फटीतून आत जातो, आत ग्रेटिंग असतं, बारीक समांतर रेघा मारलेला आरसा, ते त्याला पसरवतं आणि ज्या त्या रेषेच्या जागी ज्याची त्याची फट आणि फटीमागं उजेड मोजणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब बसवलेली. अर्ध्या मिनिटात प्रिंट. आर्गॉन कशाला असं नवी पोरं विचारतात, तर कार्बनची आमची रेष १९३ नॅनोमीटरला, सल्फरची १८०.७ ला, फॉस्फरसची १७८ ला, हे सगळं अल्ट्राव्हायोलेट, हवेतला ऑक्सिजन ते वाटेतच खाऊन टाकतो. सिलेंडर संपत आला की सगळ्यात आधी सल्फर-फॉस्फरस वेडंवाकडं बोलायला लागतात त्याचं हेच कारण.

तर त्या दिवशी सकाळी गाडी लावली तोवर क्वालिटीचे साहेब गेटवरच फोनवर होते आणि चेहरा बघूनच कळलं. एका गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये आमच्या व्हॉल्व्ह बॉडीचे लग, म्हणजे बोल्टसाठी काढलेले कान, तुटत होते. फिक्स्चरवर बोल्ट आवळायला घेतला की कट करून तुटायचा. ग्रे आयर्नचा, म्हणजे पात्यांच्या ग्राफाइटच्या साध्या कास्ट आयर्नचा, ग्रेड एफजी २६०, म्हणजे ३० मिलिमीटरच्या टेस्ट बारमधून काढलेल्या तुकड्यानं कमीत कमी २६० मेगापास्कल ताण घ्यायला पाहिजे. त्या हीटचे शिल्लक टेस्ट बार होते ते यूटीएमवर, म्हणजे ओढून तोडायच्या मशीनवर, लावले तर एक १६५ ला गेला आणि दुसरा त्याच्याही खाली. इतकं खाली एफजी २६० मध्ये मी कधी बघितलं नव्हतं, २४५ येतं, २५० येतं, मग वादावादी होते, पण १६५ म्हणजे काहीतरी मुळातच बिघडलेलं.

मग नेहमीची मीटिंग. माझ्याकडं पहिला प्रश्न, "मॅडम, केमिस्ट्री?" मी प्रिंट ठेवली. कार्बन ३.२५, सिलिकॉन १.९, मँगनीज ०.७५, फॉस्फरस ०.०६, सल्फर ०.११. कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन-फॉस्फरसचा तिसरा हिस्सा मिळवून येणारा आकडा, ३.९ च्या आसपास, म्हणजे पुस्तकात छापावं असं. सल्फर नेहमी ०.०८ असतो तो जरा वर होता, पण मँगनीज ०.७५ असल्यावर तेवढा सल्फर तो बांधून ठेवतो, १.७ पट सल्फर अधिक ०.३ हा हिशोब सगळ्यांच्या तोंडपाठ आहे, त्यामुळं त्यावर कुणी थांबलं नाही. केमिस्ट्री ओके म्हणल्यावर गाडी इनॉक्युलंटवर, म्हणजे ग्राफाइट नीट यावं म्हणून रसात घालतात त्या पावडरवर, गेली, तिथून पोअरिंग टेंपरेचरवर, मग कोअरमधल्या, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातल्या, गॅसवर, आणि शेवटी रात्रपाळीवर. आमच्याकडं कुठलीही चर्चा रात्रपाळीवर गेली की समजायचं कारण कुणालाच माहिती नाही.

मी तुटलेला तुकडा घेऊन मायक्रोस्कोपकडं गेले. घासून, पॉलिश करून, एचिंग न करता, म्हणजे ॲसिड न लावता, शंभरपट मोठं करून बघितलं तर ग्राफाइटची पाती नेहमीसारखीच, टाइप ए, म्हणजे पाहिजे तशीच, मेटॅलर्जीवाल्या पोराला दाखवलं असतं तर त्यानं पास केलं असतं. पाचशेला नेलं आणि तिथं दिसलं. पात्यांच्या कडा गुळगुळीत नव्हत्या, त्यांना काटे फुटलेले, बारीक बारीक, ठराविक दिशांना, आजूबाजूच्या धातूत घुसलेले. याला विडमनस्टेटन ग्राफाइट म्हणतात. ग्रे आयर्नमध्ये हे दिसलं की पहिला संशय लेडवर जातो. ०.००५ टक्के लेडसुद्धा पुरतं, म्हणजे टनाला ५० ग्रॅम, आणि कास्टिंग जाड असेल, सावकाश गार होत असेल, साच्याच्या ओलीतून थोडा हायड्रोजन मिळाला असेल तर अजूनच. ताकद निम्म्यावर येते. आमच्या व्हॉल्व्ह बॉडीचा तो लग सगळ्यात जाड भाग, त्यामुळं तिथंच तुटत होता हे जुळत होतं.

परत प्रिंट काढली. लेड ०.०१३.

साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "अहो ते मँगनीजचं असतं, तुम्हाला माहितीये की." माहिती होतंच. एसजीच्या हीटला मँगनीज ०.२ असतं तेव्हा लेड ०.००१ दाखवतं, ग्रे आयर्नला मँगनीज ०.७ असतं तेव्हा ०.००४ दाखवतं, मँगनीज वाढलं की लेड वाढतं, त्यामुळं भुताची गोष्ट पक्की झालेली. पण आज ०.०१३ होतं आणि मँगनीज तर रोजचंच होतं. साहेबांचं यावर उत्तर, रात्री लाइट ट्रिप झाली होती, लॅबचा एसी बंद पडला होता, मशीन तापून सरकलं असेल. हे उत्तर सुद्धा मूर्खपणाचं नव्हतं, खरंच होतं असं. ऑप्टिक्सची खोली तापली की आतली चौकट मायक्रॉनमध्ये का होईना फुगते आणि रेषा फटीवरून सरकतात. म्हणजे आता प्रश्न असा झाला की त्या फटीतून जो उजेड येतोय तो नक्की कुणाचा.

इथं जरा मागं जाऊन सांगायला पाहिजे, कारण याच्यात माझा जीव आहे. कॉलेजात प्रत्येकानं सोडियम लॅम्पचा प्रयोग केलेला असतो, इंचाला १५००० रेघांचं ग्रेटिंग, दुर्बीण फिरवून पिवळी रेष शोधायची, आणि नीट फोकस झालं तर एकाच्या दोन दिसतात, ५८९.० आणि ५८९.६. त्या दोन वेगळ्या दिसल्या की काय आनंद व्हायचा. का वेगळ्या दिसतात, तर प्रत्येक रेघेतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, पथांतर पूर्ण तरंगलांबीइतकं असेल तिथं सगळ्या एकाच तालात येऊन उजेड पडतो, आणि रेघा जितक्या जास्त तितकी ती उजेडाची पट्टी बारीक होते, कारण थोडं जरी बाजूला गेलं की हजारो लाटा एकमेकींना मारून टाकतात. रेले या शास्त्रज्ञानं यासाठी सोपा निकष दिलाय, एका रेषेचा माथा दुसरीच्या पहिल्या खड्ड्यावर पडला की दोन्ही वेगळ्या ओळखता येतात असं धरायचं. त्यातून हिशोब येतो की तरंगलांबी भागिले फरक म्हणजे रेघांची संख्या गुणिले ऑर्डर, ऑर्डर म्हणजे पथांतरात किती पूर्ण तरंगलांबी बसतात तो आकडा. सोडियमच्या जोडीला साधारण हजार रेघा पुरतात. म्हणून ती बीएस्सीच्या पोरांना दिसते.

आता लेड आणि मँगनीज बघा. लेडची जी रेष आम्ही वापरतो ती जांभळ्या भागात ४०५.७८ ला, आणि मँगनीजची एक रेष ४०५.७९ ला. फरक ०.०१४ नॅनोमीटरच्या आसपास. हिशोब केला तर या दोघींना वेगळं करायला २९००० रेघा लागतात. आमच्या ग्रेटिंगवर मिलिमीटरला २४०० रेघा आणि उजेड पडतो तो भाग तीसेक मिलिमीटर रुंद, म्हणजे ७२००० रेघा, म्हणजे ग्रेटिंगला हे सहज जमतं. मग भूत कुठून आलं? फटीतून. एक मीटरच्या ऑप्टिक्समध्ये फोकसवर एका मिलिमीटरात साधारण ०.४ नॅनोमीटर पसरतं, त्यामुळं या दोन रेषांमधलं अंतर पडतं तीस-पस्तीस मायक्रॉन, केसाच्या निम्म्या जाडीइतकं. आणि लेडसमोरची आमची फट ५० मायक्रॉनची! लाटांनी बिचाऱ्यांनी आपापलं वेगळं करून दिलंय आणि आपण दोघांना एकाच दारातून आत घेतोय. फट बारीक केली तर चालेल की, असं वाटतं, पण मग उजेड कमी होतो, आणि आतली काच वगैरे थोडी सरकली तर रेषच हातातून जाते, म्हणून कंपनीवाले मधला मार्ग काढतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मँगनीजच्या प्रमाणात काहीतरी वजा करायला ठेवतात. आमच्या मशीनमध्ये ती वजाबाकी कधीकाळी स्टीलसाठी लावलेली, ग्रे आयर्नला ती अपुरी पडत होती. म्हणून ते ०.००४.

हा गोंधळ काही आजचा नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं गुंटूरमधून सूर्याच्या ज्वाळांत पिवळी रेष बघितली तेव्हा ती आधी सोडियमचीच वाटली होती, आणि ती ५८७.५ ला आहे, सोडियमच्या दीड नॅनोमीटर अलीकडं, हे लॉकियरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून नीट मोजल्यावर हेलियमची गोष्ट सुरू झाली. आपल्याकडं विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि लॉकियर तिथंच बसला होता असं सांगतात, शाळेच्या ट्रिपला मीपण ते भक्तिभावानं ऐकलंय, पण नोंदी बघितल्या तर तो इंग्लंडात होता. असो. हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसेनं खनिजातून काढला तेव्हा. तोपर्यंत त्याच्याकडं फक्त एक रेष होती. मला तर निदान समोर धातूचा गोळा होता.

आमचं मशीन जुनं आहे याचा एक फायदा आहे. नव्या सीसीडीवाल्या मशीनमध्ये अख्खा स्पेक्ट्रम स्क्रीनवर दिसतो, आमच्यात फक्त फटीमागचा आकडा दिसतो, पण एंट्रन्स स्लिट, म्हणजे उजेड आत येतो ती फट, पुढंमागं करायला मायक्रोमीटर आहे. प्रोफाइल करताना, म्हणजे रेषा फटीवर बरोबर बसवताना, तो फिरवतात. तो एकेक खाच फिरवत स्पार्क मारत गेलं की सगळा स्पेक्ट्रम त्या ठराविक फटीवरून सरकत जातो आणि प्रत्येक जागेचा आकडा कागदावर मांडला की डोंगर तयार होतो. डोंगराचा माथा कुठं येतो त्यावरून कळतं की उजेड कुणाचा. हे रोज कुणी करत नाही, वेळ फार जातो. मी आधी एसी लावला, ऑप्टिक्सचं टेंपरेचर स्थिर व्हायची वाट बघितली, लोखंडाच्या रेषेवर नेहमीचं प्रोफाइल करून घेतलं, म्हणजे सरकल्याचा वाद मिटला. साहेब येऊन दोनदा विचारून गेले की रिडिंग आलं का.

पहिलं सॅम्पल, कपाटातलं सर्टिफाइड स्टँडर्ड, ज्यात मँगनीज भरपूर आणि लेड जवळजवळ नाही. डोंगर एका बाजूला आला. दुसरं, लेड असलेलं आणि मँगनीज अगदी कमी असलेलं स्टँडर्ड. डोंगर दुसऱ्या बाजूला, पहिल्यापासून थोडासाच लांब, पण लांब. तिसरी आमची कालची चकती. कागदावर ठिपके मांडत गेले तसा माझा हातच थांबला. एक डोंगर नव्हता, लेडच्या जागी माथा आणि मँगनीजच्या बाजूला खांदा, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. आणि खात्रीसाठी गेल्या महिन्यातली चांगली चकती लावली, जिचे टेस्ट बार व्यवस्थित पास झाले होते, तर तिचा डोंगर सरळ मँगनीजच्याच जागी. म्हणजे ०.०१३ मधलं चारेक हजारांश भूत आणि बाकीचं नऊ हजारांश खरंखुरं शिसं. टनाला ९० ग्रॅम.

साहेबांनी कागद बघितला, परत बघितला आणि म्हणाले, "हे ग्राफ गिऱ्हाइकाला कोण समजावून सांगणार?" त्यांचं बरोबर होतं. शिवाय त्यांना हे पण पाहिजे होतं की लेड आलं कुठून, त्याशिवाय भट्टी बंद ठेवायला वरचे परवानगी देणार नाहीत.

माझ्या डोक्यात तेव्हा सल्फर आला. ०.०८ चा ०.११ झाला होता. लेड आणि सल्फर एकत्र वाढले म्हणजे दोघं एकाच पोत्यातून आले असणार, आणि लेड-सल्फर एकत्र असलेली एकच वस्तू आपल्या भागात गावोगावी निघते, ती म्हणजे फ्री कटिंग स्टीलचा लेथवरचा चुरा, आम्ही टर्निंग म्हणतो तो. ऑटो लेथवर छोटे पार्ट काढणारी जी वर्कशॉप आहेत ती लेडेड ईएन वन ए ग्रेडचं स्टील वापरतात, सल्फर ०.३ पर्यंत आणि लेड ०.१५ ते ०.३५, का तर कटिंग भराभर होतं, टूल टिकतं. एका टनाच्या चार्जमध्ये असला शंभर किलो चुरा पडला की सल्फर ०.०३ नं वाढतो आणि लेड अडीचशे ग्रॅम आत जातं, त्यातलं निम्म्याहून जास्त धुरात गेलं तरी शंभरेक ग्रॅम राहतंच. आकडे असे जुळले की मी अक्षरशः पळत यार्डात गेले.

यार्डात मेल्टिंगचे मामा होते. मामांना भट्टीवर आमच्या वयाइतकी वर्षं झालीत, उद्यमनगरात पोरसवदा असताना क्युपोलावर, कोकच्या उभ्या भट्टीवर, लागले होते. म्हणलं, "मामा, टर्निंग नवं आलंय का?" "आलंय की परवा. शेठनं रेट कमी लावलाय म्हणून घ्येतलं, बारीक हाय, भट्टीत झटक्यात बसतंय." ते बारीक ऐकूनच मला कळलं. साध्या माइल्ड स्टीलचं टर्निंग लांब लांब वेटोळी येतात, हातात घेतली तर कापतं. हे सगळं चिमटीत मावेल असं तुटकं तुटकं. लेड चिप तोडतं, त्यासाठीच ते घातलेलं असतं. ढिगात बारचे कापलेले शेंडे पण होते, गोल, चकचकीत, ते दहा-बारा उचलले.

एक शेंडा स्टीलच्या प्रोग्रॅमवर मारला तर लेड ०.२ च्या वर, सल्फर ०.२८. आता इथं भुताचा प्रश्नच नव्हता, मँगनीज एक टक्का असला तरी भूत एवढं मोठं होत नाही. पण पर्चेसचे साहेब पण आता येऊन उभे होते आणि स्क्रॅपवाला शेठ फोनवर शपथा घेत होता की माल क्लीन आहे आणि तुमचं मशीन खराब आहे. सगळ्यांना एव्हाना कळलेलं होतं की मशीनवर लेड खोटं दाखवतं! ती गोष्ट शेठपर्यंत कुणी पोचवली देव जाणे.

शेवटी आमच्या वेट लॅबचे केमिस्ट काका कामाला आले. काकांची लॅब म्हणजे मागच्या बाजूची खोली, फ्यूम हूड, ब्युरेट, आणि भिंतीवर आवर्त सारणीचा जुना तक्ता. स्पेक्ट्रो आल्यापासून त्यांच्याकडं काम कमी येतं आणि त्यांना ते आवडत नाही. त्यांनी शेंडे बघितले आणि म्हणाले, "तुझ्या लाटा राहू देत बाजूला. शिसं आणि मँगनीज यांच्यात कन्फ्यूजन होतंय म्हणतीस? अगं त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे."

त्यांनी शेंड्याची एक बाजू पॉलिश करून घेतली आणि मफल फर्नेसमध्ये सातशे डिग्रीच्या आसपास ठेवला, हूड चालू करून. लोखंड तिथं फक्त लाल होतं. मँगनीज लोखंडात पूर्ण विरघळलेलं असतं, नाहीतर सल्फरला धरून बसलेलं, ते कुठं जात नाही. लेडचं तसं नाही. ते लोखंडात विरघळतच नाही, बारीक थेंब होऊन अडकून बसलेलं असतं, आणि ३२७ डिग्रीला पातळ होतं. शेंडा बाहेर काढला, गार होऊ दिला आणि पॉलिश केलेल्या बाजूवर करडे चमकदार मणी आलेले. घाम फुटल्यासारखे. या टेस्टला स्वेट टेस्टच म्हणतात. पर्चेसचे साहेब वाकून बघत होते ते एकदम मागं सरकले.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. तीन-चार शेंड्यांवरचे मणी खरवडून पातळ नायट्रिकमध्ये विरघळवले. मी म्हणलं आयोडाइड टाका, पिवळाधमक लेड आयोडाइड येईल, कॉलेजात बघितलंय. काका म्हणाले, "आयोडाइड नको, खरवडताना लोखंड आलेलं असणार, फेरिक आयोडाइडमधून आयोडीन सोडतं, सगळं तपकिरी होईल आणि परत हे लोक म्हणतील की काय दिसलं कळलं नाही." त्यांनी सल्फ्युरिकचे थेंब टाकले, पांढरा साका बसला. लोखंडाचं सल्फेट पाण्यात विरघळतं, मँगनीजचंही विरघळतं, लेडचं नाही. वरचं पाणी काढून टाकलं, धुतलं, अमोनियम ॲसिटेटमध्ये तो साका विरघळवला आणि पोटॅशियम क्रोमेट टाकलं. पिवळं. शेजारी दुसऱ्या नळीत त्यांनी त्याच स्टीलचा चुरा विरघळवून, सिल्व्हर नायट्रेट आणि परसल्फेट टाकून गरम केला, ती नळी जांभळी झाली. ते मँगनीज. दोन नळ्या शेजारी शेजारी धरून त्यांनी पर्चेसच्या साहेबांना विचारलं, "यातलं भूत कुठलं?"

मामा पण बघायला आले होते. ते मला म्हणाले, "मॅडम, एक इचारू का. मँगनीज जळतंय, सिलिकॉन जळतंय, रोज पोत्यानं घालतोय. मग ह्ये शिसं का जळत न्हाई?" मला वाटतं त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. काकांनी तक्त्याकडं बोट केलं. ऑक्सिजनची ओढ. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, सिलिकॉन, मँगनीज, यांना लोखंडापेक्षा ऑक्सिजन जास्त प्रिय, त्यामुळं ते आधी जळून स्लॅगमध्ये, रसावरच्या मळीत, जातात. तांबं, टिन, लेड यांची ओढ लोखंडापेक्षा कमी, त्यांचा नंबर यायचा तर आधी अख्खी भट्टी जळायला पाहिजे. म्हणून एकदा आत गेलं की गेलं. "आणि जस्त?" मामांनी विचारलं, "गॅल्व्हनाइज पत्रा पडला की पांढरा धूर सुटतोय त्यो." ते जळण्याच्या आधी उकळतं, ९०७ डिग्रीला, आणि वर हवेत जाऊन जळतं, म्हणून पांढरं. लेड उकळायला १७४९ लागतं आणि आपला रस साडेचौदाशे-पंधराशेला असतो, त्यामुळं बरंच वाफ होऊन जातं, पण सगळं नाही, बाकी राहतं.

मला त्या तक्त्यात अजून एक गोष्ट नव्यानं दिसली. लेड कार्बनच्याच उभ्या रांगेत आहे. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, टिन, लेड. वरचे दोघं तर आमच्या धंद्याचा पायाच आहेत, कास्ट आयर्न म्हणजे लोखंड, कार्बन आणि सिलिकॉन. टिन पण लोखंडात विरघळतं, थोडं असलं तर परलाइट, म्हणजे लोखंडातला कडक भाग, वाढवतं, काही लोक मुद्दाम घालतात. आणि त्याच घराण्यातलं शेवटचं लेड इतकं अवजड आणि परकं की लोखंड त्याला आत घेतच नाही. उलट मँगनीज लोखंडाच्या अगदी शेजारच्या घरात, स्वभावानंही जवळचं, आणि दोन पासून सातपर्यंत संयुजा बदलत रंग दाखवणारं. रसायनात इतके लांब असलेले दोघं उजेडात मात्र ०.०१४ नॅनोमीटरवर येऊन बसलेत, आणि याला काही कारण नाही, रेषांची जागा इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांच्या अंतरावर ठरते, तो निव्वळ योगायोग आहे.

दुपारी तीनला मोठे साहेब आले, दोन नळ्या बघितल्या, माझा ग्राफ बघितला नाही, आणि म्हणाले भट्टी पिग करा. म्हणजे आत तयार असलेला टनभर रस कास्टिंगला न देता साध्या चरांत ओतून टाकायचा. मामांना ते जिवावर आलं. हील पण ठेवायची नाही, पूर्ण रिकामी करायची असं ठरलं, कारण तळाशी रस ठेवला की त्यातलं लेड पुढच्या हीटमध्ये जातं. लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, पण बघायला सांगितलं, लेड जड आणि पातळ, भेगेतून खाली उतरायची त्याला सवय असते आणि खाली भट्टीची विजेची कॉइल आहे. कुणीतरी मिशमेटल, म्हणजे सीरियम असलेला मिश्रधातू, घालून वाचवू म्हणालं, सीरियम लेडला बांधून ठेवतं हे खरंच आहे, पण किती घालायचं हे ट्रायल न घेता गिऱ्हाइकाच्या मालावर करायला साहेब तयार झाले नाहीत आणि मला ते पटलं.

पुढची हीट पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि सीआरसी कटिंगवर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्र्याच्या तुकड्यांवर, घेतली. लेड ०.००५ आलं, त्याच्या पुढची ०.००४, म्हणजे आपलं ओळखीचं भूत तेवढं राहिलं. टेस्ट बार २७० च्या वर. पण त्याआधीच्या तीन दिवसांतला माल गेलेला होता, त्या सगळ्या हीटचे नंबर काढून, चकत्या परत मारून, कुठल्या थांबवायच्या आणि कुठल्या सोडायच्या याची यादी करता करता रात्रीचे साडेनऊ झाले. भट्टीवरच्या माणसांचं रक्त तपासायचं काकांनी लावून धरलं, शिशाची वाफ छातीत जाते म्हणून, तर एचआर म्हणालं बघू, मग काका मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि सही घेऊनच बाहेर आले.

शेठचं पेमेंट अडकवलंय. तो अजून म्हणतो चुरा कुणाचा ते त्याला माहिती नव्हतं, आणि खरं असेलही, त्याच्याकडं पन्नास वर्कशॉपचा माल एकाच ढिगात पडतो. आता यार्डात नवा लॉट आला की चुरा असेल तर मामा आधी चिमटीत घेऊन बघतात, तुटका असला की एक शेंडा शोधून माझ्याकडं पाठवतात, आणि शेंडा नसेल तर गाडी परत. सर्व्हिस इंजिनिअर येऊन ग्रे आयर्नची मँगनीजची वजाबाकी नीट करून गेला, लेड आता ०.००१ दाखवतं. जाताना नव्या सीसीडी मशीनचं कोटेशन ठेवून गेला ते साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे.